खंडेनवमीचा रोटर

इंजिनाच्या कामात मला अडवणारं जगात एकच माणूस आहे यार, माझी बायको. अमेरिकेत चँडलरला असताना जुन्या क्लासिक गाडीला मी स्वतः नवा कार्बोरेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. शेवटचा पार्ट, इग्निशनचा छोटा रोटर, तेवढा बसवायचा राहिला होता; त्याशिवाय गाडी सुरू होत नाही. शेजारच्या बॉबला म्हटलं, "बस गाडीत, पाच मिनिटांत राउंड मारू."

वळून बघतो तर टेबलावरून पाने, स्क्रूड्रायव्हर, रोटर, सगळं गायब.

बायको शांतपणे म्हणाली, "आज खंडेनवमी आहे. तुझी हत्यारं पूजेला मांडलीत. उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

मी बॉबला सांगितलं, "रोटर देवाजवळ आहे. उद्या मिळेल."

बॉब म्हणाला, "मग सर्व्हिस चांगली आहे. माझा डीलर आठवडा लावतो."