कोनशिलेखालची तिसरी तार

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या नाट्य मंडळाचे कर्तेधर्ते राजेंद्रभाऊ, सिवनीहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरची सारी सन्माननीय मंडळी, कटंगी-मलाजखंडहून बस पकडून आलेले रसिक, पडद्यामागे रंग लावून बसलेले कलावंत, आणि पहिल्या रांगेतून माझ्याकडे डोळे वटारून पाहणारी माझी सून राखी, तुम्हा सर्वांना पुष्पलता रहांगडालेचा नमस्कार.

आत्ता सूत्रसंचालकांनी मला 'प्रकाशाची देवी' म्हटलं. देवीबिवी काही नाही हो. मी आयटीआय केलेली इलेक्ट्रिशियन बाई. शिडीवर चढायचं, लाइट बांधायच्या, पडदा पडला की सोडायच्या, हेच बालाघाटात जन्मभर केलं. आता गुडघे गेले, मुलानं नागपूरला बोलावलं, म्हणून हा निरोप. तुम्ही शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, केवढं तरी मानपत्र वाचलंत. मनापासून आभारी आहे. पण त्या मानपत्रात माझ्या बोटांतली जादू आहे, माझी तपश्चर्या आहे, आणि अर्थिंगचा एक शब्द नाही. तिथंच माझं डोकं फिरलं.

राखी, असं पाहू नको. शांतच बोलून राह्यली मी.

निरोपाच्या भाषणात कोणी वीज शिकवतं का? मी शिकवणार आहे, कारण उद्यापासून मी इथं नाही. स्टेजवरच्या प्रत्येक लाइटला तीन तारा असतात. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. तिसरी हिरवी. एरवी तिच्यातून काहीच वाहत नाही, म्हणून ती कोणाच्या खिजगणतीत नसते. आता बघा, हजार वॉटचा हॅलोजन तासभर जळला की त्याचा पत्रा पापड भाजता येईल इतका तापतो. आतल्या तारेचं आवरण कडक होतं, तडकतं, आणि एक दिवस ती उघडी तार लाइटच्या लोखंडी अंगाला टेकते. तिसरी तार धड असेल तर वीज तिच्या वाटेनं जमिनीत उतरते, फ्यूज उडतो, अंधार होतो, मागची पोरं शिट्ट्या मारतात. नुकसान काय, तर तेवढ्या शिट्ट्या. पण तिसरी तार धड नसेल, तर लाइटला हात लावणाऱ्या माणसातून वीज जमिनीत जाते. आणि आपण काय करतो? प्लगमधली या तिसऱ्या तारेची जाडी पिन बसत नाही म्हणून पक्कडीनं तोडून फेकतो!

ही तिसरी तार शेवटी जाते कुठं? या सभागृहाच्या पायऱ्यांच्या डाव्या हाताला एक खड्डा होता. त्यात पाइप, भोवती मीठ आणि कोळसा. तिथली माती ओली असली तर वीज घेते, कोरडी पडली की घेत नाही. म्हणून दर प्रयोगाआधी मी तिथं बादलीभर पाणी ओतायची. आपले नट मोठे भाविक. त्यांनी पाहिलं, ताई पाणी घालतात. पुढच्या प्रयोगाला तिथं फूल दिसलं. मग कुंकू. मग उदबत्ती! मी ओरडले, "अरे, हे अर्थिंग हाय, देव नाही!" तर म्हणाले, "हौ ताई, पण तुमी पाणी घालता तं प्रयोग चांगला होते."

तेव्हा हसले मी. प्रेमानं करतात, करू द्या म्हटलं.

मग सभागृहाचं नूतनीकरण झालं. मी तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला होते. काठी टेकत उद्घाटनाला आले, तर त्या खड्ड्यावर सिमेंटचा ओटा, आणि ओट्यावर काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला! सोनेरी अक्षरांत उद्घाटक साहेबांचं नाव, झेंडूचा हार. राजेंद्रभाऊंनी हात धरून मला तिथं नेलं. "ताई, तुमी जिथं पूजा करत होत्या, तिथंच शिला बसवली. खाली पाहा, तुमचंबी नाव हाय." भाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. मला रडावं की हसावं, तेच समजेना. माझा मान करायला निघालात आणि सभागृहाचा जीव बुजवून बसलात!

त्याच दिवशी सांगितलं, हे काढा. "अवं ताई, त्याच्यावर साहेबायचं नाव हाय, कसं तोडता?" बरं, मग दुसरा खड्डा खणा. "हौ, पावसानंतर पाहू." पाऊस गेला. "दिवाळीनंतर." दिवाळी गेली. दर बैठकीत मी तोंड उघडलं की चहा येतो. झालरी लागल्या, खुर्च्यांना मखमल लागली, बाहेर सेल्फी काढायला कमान झाली. जे दिसतं ते सगळं झालं.

आणि नव्या बोर्डात एक स्विच होता, वीज भलतीकडे जाऊ लागली की आपोआप पडणारा. आमच्या ठेकेदाराच्या माणसानं तो काढून टाकला. मी विचारलं, काहून? तर हसत म्हणतो, "मैडम, बार-बार गिर रहा था, डायरेक्ट कर दिया। अब कोई दिक्कत नहीं।" अरे बाबा, तो ओरडून सांगत होता, आणि तू त्याचं तोंड दाबलंस!

आता रविवारची तालीम. आज जे नाटक तुम्ही पाहणार आहात, त्यात आपली आम्रपाली मेश्राम अनवाणी येते, डोक्यावर घागर असते, ती डाव्या विंगेपाशी उतरवते. आम्रपालीला तुम्ही ओळखता. दिवसभर अंगणवाडी, घरी दोन लेकरं, आणि संध्याकाळी तालमीला सगळ्यांच्या आधी हजर. घागरीतलं पाणी सांडलं, पाय घसरला, आणि तोल सावरायला तिनं लाइटचं लोखंडी स्टँड धरलं. हात सुटेचना. ओरडताही येईना. आपल्या नेपथ्यवाल्या पुनारामनं धावत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून ती आज पडद्यामागे रंग लावून बसली आहे.

मी तिच्याजवळ गेले. "काय झालं व?" म्हटलं. तर म्हणते, "काही नाही ताई, थोडं झणझणलं. तुमी कोणाले सांगू नका, माह्यं काम दुसरीले देतीन."

आम्रपाली, माफ कर. सांगून राह्यली मी.

ती लाइट मी काढली. पण बाकीच्या लाइटी काय कालच्या आहेत? त्याही तिच्याच वयाच्या. राजेंद्रभाऊ मला म्हणाले, "ताई, जरासे झटके तं लाइटवाल्याले रोजचेच." भाऊ, मला बसले ते माझ्या धंद्यातले. तिला काहून बसावे? आज दुपारी मी शंभरचा बल्ब घेऊन पाहिला. त्याची एक तार फेजला, म्हणजे वीज येते तिला लावली, दुसरी अर्थच्या हिरव्या तारेला. जमीन धड असती तर बल्ब लख्ख लागला असता. आत विझत्या उदबत्तीएवढी लाल रेघ दिसली. एवढ्या भरवशावर मी त्या बाईला ओल्या पायांनी उभी करू?

अध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत. नाटकाला उशीर होईल म्हणता, भाऊ? होईलच. स्टेजचे तिन्ही फ्यूज माझ्या या पर्समध्ये आहेत.

हसू नका, खरंच आहेत. हे पाहा.

राजेंद्रभाऊ, तुमच्यावर माझा राग आहे आणि जीवही आहे. पहिला स्पॉट आणायला आपण दोघं नागपूरला गेलो होतो, येताना तो तुम्ही लेकरासारखा मांडीवर घेऊन बसला होतात, हे मी विसरले नाही. म्हणून विनंती करते. हे श्रीफळ मी नागपूरला नेणार नाही. शुभ कामाच्या आधी नारळ फोडायचा असतो, तर चला, तो बाहेर फोडू. पुनाराम सब्बल, म्हणजे लोखंडी पहार घेऊन पायऱ्यांपाशी उभा आहे. शिला फुटली तर फुटली. बरी निघाली तर भिंतीवर लावू, साहेबांचं नाव उलट जास्त दिसेल. मिठाचं पोतं आणि पाण्याच्या बादल्या मी दुपारीच भरून ठेवल्या आहेत. पाणी मुरलं की तोच बल्ब पुन्हा लावू. लख्ख लागला, तर फ्यूज माझ्या हातानं बसवते. नाहीच लागला, तर नाटक हॉलच्या ट्यूबलाइटवर होईल. प्रयोग थोडा फिका दिसेल, पण आम्रपाली पडदा पडल्यावर घरी जाईल.

मंडळानं मला एवढी वर्षं अंधारात शिडीवर उभं राहू दिलं, त्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घ्या. शिलेवर ज्यांची नावं आहेत, त्यांची तर हात जोडून क्षमा मागते. त्यांतलं शेवटचं नाव माझं आहे, आणि पहिला घाव मी तिथंच घालणार आहे.

राखी, माझी काठी दे. भाऊ, उठा.

आणि आम्रपाली, मी आवाज देत नाही तोवर पायातली चप्पल काढू नको व माय.