तणाची राखण

सून : आणि मग गुडघ्यांवर हे हिरवे डाग कसले?

सासरे : म्हातारपणी माणूस गुडघ्यांवर येतोच, सूनबाई.

सून : बाबा, महिनाभर तुम्ही पहाटे फिरायला जाताय. फिरून आलेल्या माणसाच्या नखांत माती नसते.

सासरे : वाकून चप्पल नीट केली.

सून : दहा बोटांनी?

सासरे : आधी चहा टाकतेस का?

सून : चहा तपासनीसबाई आल्यावर. अकराला यायच्यात. खरं सांगा, ओढ्याकाठच्या पट्ट्यात गेला होतात ना?

सासरे : मुद्दाम नाही. वाटेत लागला.

सून : तुमची वाट पूर्वेला आणि ओढा पश्चिमेला.

सासरे : थोडंसं तण काढलं असेल. कडेकडेनं.

सून : थोडंसं म्हणजे किती?

सासरे : आता थोडंसं राहिलंय.

सून : थांबा, मला बसू दे. बाबा, त्या एकरात काहीही करायचं नाही, एवढंच काम होतं आपल्याला. काही न करण्याचे पैसे देतं सरकार, आणि तेवढंही जमू नये?

सासरे : काही न करणं तुला सोपं वाटतं? दोन वर्षं दातओठ खात काढली मी. सकाळी माझ्या खोलीच्या खिडकीत बसलो की ते काटेरी तण मान वर करून माझ्याकडे बघतं. याच सरकारनं मला भिंतीवरची ती ढाल दिली. 'स्वच्छ शेत, पहिला क्रमांक'. ढाल देणारे साहेब म्हणाले होते, बांधावरसुद्धा गवताची काडी दिसता कामा नये. आता म्हणतात बारा जातींचं तण दाखवा, मधमाश्या येऊ द्या.

सून : तेव्हा धान्य कमी पडत होतं. आता बाहेरचा गहू बंदरात उतरतो आणि आपला भाव खाली बसतो. गव्हात बी, खत आणि डिझेल निघतं, बस. वर जे काही हातात राहतं ते अनुदानाचं. आणि हा पट्टा रानटी राहिला तरच सगळ्या शेताचं अनुदान मिळतं. तुम्हीच तर कागदावर सही केलीत.

सासरे : सही केली, पण मनापासून नाही.

सून : जित्याची खोड म्हणतात ती हीच. बरं, तुमचे चिरंजीव आत्ता कुठे आहेत, माहीत आहे?

सासरे : डिझेल आणायला गेलाय ना?

सून : ट्रक कंपनीच्या ऑफिसात बसलेत. त्यांना पुन्हा गाडीवर बोलावलंय, दुपारपर्यंत उत्तर द्यायचंय. तपासणी नीट झाली तर नाही म्हणायचं, नाहीतर परत महिन्यातले पंचवीस दिवस रस्त्यावर. फोन मी करायचाय.

सासरे : मला कुणी बोललं नाही.

सून : तुम्हाला सांगितलं असतं तर काळजीनं अजून एक तास आधी उठला असतात. आणि उरलंसुरलंही काढलं असतंत.

सासरे : हे मात्र खरं.

(दार वाजतं. थोड्या वेळानं तिघं ओढ्याकाठी.)

तपासनीस : ताई, हाच ना पट्टा? नकाशात तरी हाच दाखवतोय.

सून : हाच.

तपासनीस : गेल्या वर्षी आले होते तेव्हा कमरेएवढं होतं सगळं. माझी टोपी हरवली होती यात.

सासरे : ती सापडली परवा. धुऊन ठेवलीय.

सून : बाबा.

तपासनीस : काय झालं इथे?

सासरे : शेजाऱ्याची शेळी. एक नंबरची खादाड.

तपासनीस : शेळी मुळासकट उपटते?

सासरे : चिडली तर.

तपासनीस : आणि जुड्या बांधून बांधावर रचून ठेवते?

सून : बाबा, पुरे आता.

तपासनीस : काका, तुम्ही म्हणाल तर शेळी लिहिते, माझं काही जात नाही. पण 'चराई'वर बोट ठेवलं की या मोबाइलवर लाल शेरा येतो आणि तीन वर्षं अनुदान बंद.

सासरे : आणि शेळी नसेल तर?

तपासनीस : तर दुसरं कारण निवडावं लागेल. नांगरट, फवारणी, जाळणं. यातलं काय केलंत?

सासरे : यातलं काहीच नाही. मी हातानं काढलं, बाई. खुरप्यानं. सगळं मी एकट्यानं केलं, हिला ठाऊक नव्हतं, मुलालाही नाही. मला पाहवेना. तुमच्यासमोर खोटं बोललो त्याची मात्र लाज वाटते.

तपासनीस : अख्खा एकर? बसून?

सासरे : अठ्ठावीस पहाटा लागल्या.

तपासनीस : यादीत हे नाहीच. नियम लिहिणाऱ्यांना वाटलं नसेल की असं कुणी अजून शिल्लक असेल. 'इतर' दाबते. थांबा, रेंज येत नाहीये. हां, आलं. 'इतर'ला चाळीस दिवसांनी दुसरी तपासणी मिळते. तेव्हा बारा जाती उगवलेल्या दिसल्या तर अनुदान चालू. पेरायचं नाही, माती हलवायची नाही, आणि काका...

सासरे : कळलं.

सून : चाळीस दिवसांत येईल का हो एवढं?

सासरे : वीस दिवसांत गुडघ्याला लागेल. जमिनीत बी पडलंय ते माझ्या नातवंडांना पुरेल. साठ वर्षं भांडतोय मी त्याच्याशी, एकदाही जिंकलो नाही.

तपासनीस : यंदाही हरा म्हणजे झालं. येते मी.

सासरे : चहा राहिला. आणि टोपी न्या तुमची.

तपासनीस : असू दे इथेच. चाळीस दिवसांनी लागेल.

सून : हॅलो. हो, गेल्या त्या आत्ता. नाही, पास नाही आणि नापासही नाही. चाळीस दिवस दिलेत. का म्हणजे, बाबांनी पट्टा साफ केला. हसू नका, मला मघाशी रडू येत होतं. हो, सगळा. थांबा, विचारते.

सासरे : काय म्हणतो?

सून : म्हणतात, बाबांच्या भरवशावर नोकरीला नाही म्हणू का?

सासरे : असं म्हणाला?

सून : असंच. साहेब समोर बसलेत त्यांचे. काय सांगू?

सासरे : तो गाडीवर होता ना, तेव्हा मी त्याच खिडकीत बसून रस्त्याकडे बघायचो. आठ वर्षं. तेव्हा शेतात तण असलं तरी कधी दिसलंच नाही मला. तो घरी आला आणि दिसायला लागलं.

सून : बाबा, फोन चालू आहे.

सासरे : त्याला नाही म्हणायला सांग. मला तो घरी हवाय.

सून : ऐकलंत? हो. या मग, जेवायला थांबतो आम्ही. हे काय, खुरपं कशाला देताय माझ्याकडे?

सासरे : घे. आणि कुठे ठेवलंस ते मला सांगू नकोस.