चिंचेनं घासलेला सॅक्सोफोन

— नाही, बाबाराव, दुरुस्त होते का नाही ते पाहूच नका तुम्ही. आधी माझं ऐका, तुमचं मागून सांगजा. यायनंच मले पाठवलं, गोल बाजारात चाललीच आहे तर बाबारावच्या दुकानात सॅक्सोफोन टाकून दे म्हणे. तर संध्याकाळी हे येतीन, तेव्हा त्यायले फक्त एवढं सांगजा — श्यामकांतजी, हा गेला आता, नवाच वाजवा. बस. खोटं कसं झालं? डॉक्टर नाही का सांगत, आता घरी घेऊन जा म्हणून? हव, तसंच. — बसते ना, बसते. चहा नको.

चट्टे काहून पडले? घासला मी. खंडेनवमीले. यायनंच पाटावर काढून ठेवला पूजेत मांडाले, अन् मी समया घासतच होती, तर म्हटलं हेही पितळच, होऊन जाऊ दे — चिंच, मीठ, अन् मग नळाखाली धरला. चांगला धरला. मले काय माहीत बटनाखाली चामड्याच्या गाद्या असतात अन् त्या फुगतात! — असं पाहू नका माझ्याकडे. मतलब, थोडं माहीत होतं. पाणी लागू देऊ नको म्हणून हे दर पावसाळ्यात ओरडतात ना. माझ्या लग्नाच्या शालूत गुंडाळून ठेवतात त्याले, बाबाराव! शालू माझा! मी म्हटलं, अहो, मले थंडी वाजून राहिली, तर म्हणे स्वेटर घाल.

अन् नवा घेऊन दिला ना मी. आमच्या पोरीनं, ज्ञानदानं, मागवला मोबाइलवरून. पोट्टी म्हणे, मम्मी, पापा को पुराना ही चाहिए, रहने दो ना. मी म्हटलं तू मागव. कसा चमकते तो! सोबत पांढरे हातमोजे, पुसाचा कपडा, गळ्यात अडकवाले लाल पट्टा. स्वस्तातला आहे, हव, पण कोरा तर आहे. कोणाचा वापरलेला नाही. यायनं दोनदा फुंकला अन् म्हणे, पूर्णिमा, हा डब्ब्यासारखा वाजते. चढवला अलमारीवर. अन् तो जुना, ज्याची एक किल्ली रबरबँडनं बांधली आहे, तो म्हणे बोलते. बोलते! माझ्यासंग तरी एवढं कोण बोलते त्या घरात?

काय म्हटलं — जुन्या वस्तूची माया असते? वस्तू कोणाची आहे ते माहीत आहे ना तुम्हाले? त्या उल्काची. हे ऑर्केस्ट्रात ढोलक वाजवत अन् ती सॅक्सोफोन. बाईमाणूस, अन् सॅक्सोफोन! अभनपूरच्या मंडईच्या जत्रेपर्यंत लोकं तिले पाहाले जात. — तुम्ही पण गेले होते? जाणारच. सगळेच गेले होते, मीच तेवढी नव्हती. मग लग्न होऊन ती पुण्याले गेली, जाताना हा यायच्या हातात देऊन गेली, अन् या ढोलकवाल्यानं ढोलक देऊन टाकलं अन् सॅक्सोफोन शिकला. कोणासाठी शिकला, हं? मले तर ढोलकच चाललं असतं. आता कोजागिरीले येऊन राहिली ती. मंडळाच्या हॉलमधे जुन्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम आहे, अन् हे म्हणतात, तिच्यासमोर तिचाच वाजवतो. चौबे कॉलोनीतल्या सगळ्या बाया समोर बसणार, अन् मी दूध आटवून सगळ्यायले वाटणार. — मी जळते? मी काहून जळू? गुडघे बदलले तिनं दोन्ही.

आता मधेच काय शोधून राहिले? नाही, डब्ब्यात नाही ते तोंडात धराचं काळं. माउथपीस, हव. घरी राहिलं असन. — पर्समधे कशाले असन? पर्समधे चाब्या आहेत. एक सांगू का? नको, जाऊ द्या. सांगतेच. हे कोणाचं उष्टं खात नाहीत. पक्के. माझ्या ग्लासातलं पाणी पीत नाहीत. नवं लग्न होतं तेव्हा मी एक पेरू चावून दिला, गोड होता म्हणून, तर यायनं सुरी आणली, माझ्या दाताची बाजू कापून टाकली अन् मग खाल्ला. मी हसली तेव्हा. अन् त्या माउथपीसवर खाचा आहेत, दाताच्या, तिच्या. रोज सकाळी हे डोळे मिटून तिथंच तोंड लावतात. तिथं नाही लागत यायले सुरी? त्या दिवशी मी घासून घासून बोटं सोलून घेतली, गेल्या नाहीत खाचा.

बोला, बोला, तुमचं राहिलंच. — थांबा. ते खुंटीवर काय टांगलं आहे? तो लाल पट्टा — हा तर माझा आहे. मी दिलेला. अन् त्याले लटकलेला नवा सॅक्सोफोन, इथं कसा? — सकाळी? स्वतः आणून दिला यायनं? मग आधी सांगाचं ना, बाबाराव! पाहा, वाजवणार आहेत ना नवा! मीच मेली उगाच बडबड करून राहिली, विसरून जा सगळं. कोजागिरीले माझाच वाजवणार, त्या उल्कासमोर — पण याले तोंड काहून नाही? काढून ठेवलं? काहून? — काय सांगून गेले? जुना नाही जमला तर नवा चालन. पण तोंड जुनंच बसवा, म्हणे.

हं.

नाही, काही नाही झालं मले. सरका थोडे. हव, पर्समधेच आहे. बूढ़ा तालाबात फेकाले निघाली होती, नाही झाली हिंमत. हे पाहा, ह्या खाचा. — हात नका लावू. थांबा म्हटलं ना. —

— थू. चिंचच लागून राहिली अजून. घ्या. चांगलं चावलं मी, वरून अन् खालून, अख्खं तोंडात धरून. बसवा आता नव्यावर. यायले काही सांगाचं नाही. अन् बाबाराव, तो कपडा ठेवा खाली — पुसाचं नाही.