तुझी हवा मला नको

—तो नको घेऊस, ठेव खाली. दिसायला छान आहे, पिशवीत मावतो, सिगारेट पेटवायच्या भोकात वायर खुपसली की सुरू — सगळं खरं, पण तो पंप सायकलीला बरा. तुझ्या गाडीचं एकेक टायर केवढं आहे बघ, एकेकाला वीस मिनिटं लागतील, तीही मध्ये फ्यूज उडाला नाही तर. आणि उडतोच. कसं कळलं म्हणजे? धंदाच आहे माझा. आधी बस, खजूर घे, कॉफी घे. आमच्या बिदियात कॉफीआधी कुणी भाव विचारत नाही, तुम्हा मस्कतवाल्यांचं तुम्हाला ठाऊक.

आता ऐक. वाळूत उतरायचं तर हवा सोडायची, पस्तीसवरून पंधरावर, म्हणजे टायर पसरतं आणि गाडी रुतत नाही. सोडायला काय, कुणीही सोडेल — परत डांबरी रस्त्याला लागलास की भरणार कशाने? म्हणून हा घे, हा दोन नळकांड्यांचा. जड आहे ना? जडच हवा. याचे चिमटे थेट बॅटरीला लावायचे, इंजिन चालू ठेवायचं, चार-पाच मिनिटांत एक टायर — दोन भरले की थोडी विश्रांती द्यायची, तापतो बिचारा. सिलिंडर? दाबून भरलेल्या गॅसचा? तो मी ठेवत नाही. चांगला असतो, कोण नाही म्हणतंय — मिनिटभरात टायर टम्म, आवाज नाही की काही नाही. पण संपला की संपला, मग नुसता लोखंडाचा ठोकळा, आणि भरून आणायला मस्कत. शिवाय तो बाळगणारी माणसं — जाऊ दे, सकाळी सकाळी कुणाचं नाव कशाला घ्या.

पुरे झाली तर पेला हलव की रे, नाहीतर मी ओततच राहणार. हां.

ओळखीतल्या एकाची गोष्ट सांगतो, नाव नाही सांगत. चार वर्षांपूर्वीची ईद, सगळे भाऊबंद जमलेले, मोठ्या टेकाडावर कुणाची गाडी आधी चढते अशी पैज लागली. या शहाण्याने हवा सोडली कितीपर्यंत? आठ. आठवर गाडी चढते, झकास चढते, तो पहिला आला — पण आठवर टायर रिममधून कधी निसटेल सांगता येत नाही. असो, निसटलं नाही. खाली रस्त्याला आला आणि भरायला काढला हा, तू मघाशी उचललास तोच पंप. फ्यूज उडाला. सगळे हसायला लागले. तेवढ्यात त्याचा थोरला भाऊ आला, सिलिंडर घेऊन, टायरपाशी बसला आणि व्हॉल्व्हचं टोपण काढायला लागला. हसला नाही हं तो, एकटाच हसला नव्हता. आणि मी म्हटलं — तो म्हणाला, तो — 'ऊठ, तुझी हवा मला नको.' चारचौघांत. थोरल्या भावाला. आणि निघाला तसाच, बावीस किलोमीटर, डांबरीवरून, आठवर. घरी पोचेपर्यंत चारही टायरांच्या चिंध्या, आणि नवी कोरी होती रे माझी टायरं.

हो, माझीच. हसतोस काय? मग पुढच्याच महिन्यात दुकान टाकलं. म्हटलं, या बिदियात परत कुणावर दुसऱ्याची हवा घ्यायची पाळी येऊ द्यायची नाही. चूक माझीच होती, मला काय कळत नाही? पण चार वर्षं झाली, आता कुठल्या तोंडाने जाऊ.

बरं, हा बांधून देतो. जायचंय कुठे तुला? लग्नाला? कुणाच्या — थांब. खलफानकडे? उंटांचा गोठा आहे ज्याचा, तो वाळूपलीकडचा खलफान? तू नवऱ्या मुलाचा दोस्त होय. म्हणजे त्याच्या लेकीचा, थुरैयाचा निकाह आज आहे. माहीत आहे मला, सगळ्या गावाला माहीत आहे. माझ्या खांद्यावर बसून उंट मोजायला शिकली ती पोर. काका कुठे आहे असं कुणी विचारलं तर — नाही, तू काही सांगू नकोस. वाट सोपी आहे, दोन बाभळींपासून डावीकडे.

पण माझं दुकान कुणी दाखवलं तुला? त्यानेच? खलफानने? फोनवर? काय म्हणाला — त्याचे शब्द सांग, तुझे नकोत.

'हुमैदकडून पंप घे, त्याच्याइतकी पारख कुणाला नाही.' असं म्हणाला? आणि?

सिलिंडर रिकामा झालाय. पाहुण्यांच्या अकरा गाड्या परत निघतील, हवा कोण भरणार ते हुमैदला विचार. असं म्हणाला तो.

अरे, परवाच भरून आणलाय त्याने. याच रस्त्याने गेला, इथे समोर गाडी जरा हळू झाली होती, सिलिंडर मागे उभा होता, मी या डोळ्यांनी पाहिला. आयुष्यात खोटं बोलला नाही माझा भाऊ. वयाच्या साठाव्या वर्षी बोलला, तेही एका पोराच्या तोंडून.

काही नाही. धूळ फार आहे आज.

तो पंप ठेव इकडे. नाही, विकायचा नाही आता — अकरा गाड्यांना दोन तरी लागतील, आणि तू काय भरणार, तुला पेला हलवायचं सुचत नाही. निकाह दुपारच्या नमाजानंतर ना? मग ऊठ, मला शटर ओढायचंय. माझ्या चाकोरीतून ये, आणि हवा पंधरा. त्याखाली जाऊ नकोस.