द्राक्षमळ्यातला निरोप

अगं, त्या विनयार्डच्या ट्रिपमध्ये आम्हाला नको धरूस. हे रिटायर झाले, तेव्हा डिपार्टमेंटने निरोप म्हणून लंडनजवळच्या केंटमधल्या द्राक्षमळ्यातच नेलं होतं. वाइन चाखून झाली आणि ह्यांच्या बॉसने ग्लास उंचावून भाषण सुरू केलं. ह्यांचं क्रिकेट काय, जुळे मुलगे काय! सगळे खो खो हसत होते. आम्हाला तर एकच मुलगी! ते सगळं वर्णन ह्यांच्याबरोबर काम केलेल्या डॉक्टर रावांचं होतं.

मी सांगायला उठले, तर ह्यांनी हात धरून खाली बसवलं आणि स्वतः टाळ्या वाजवल्या.

परतताना बसमध्ये मी चिडून विचारलं, "अहो, बोलला का नाहीत?"

म्हणाले, "राव नोकरी सोडून गेला, तेव्हा कुणी साधा चहासुद्धा पाजला नव्हता. त्याचा सेंड-ऑफ आज झाला. माझा राहिला."