दुर्बिणीतला दाणा

रोह्याच्या एस.टी.त वडखळला बापलेक चढले आणि माझ्या पुढच्या बाकावर बसले.

“बाबा, दिवाळीत तुम्हाला लॅबमध्ये मायक्रोस्कोपमधून स्फटिक दाखवला होता ना, तो वाया गेला.”

“वाया कसा जाईल? तुझं सर तर पेढं वाटत होतं.”

“रक्तातल्या राखण करणाऱ्या पेशी एकमेकींना कशा धरतात, ते त्यातून कळणार होतं. स्फटिकासाठी त्या पेशींतली प्रथिनं जमवायलाच मला दोन वर्षं लागली. काल एकदाचा एक्स-रेच्या मशीनवर नंबर लागला, आणि...”

“आनि मीठ निघालं.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोन सांगनार? तुझ्या त्या दुर्बिनीत बघितलं तवाच कललं. चौकोनी दाना, मधी खोल, कडंला पायऱ्या. चालीस वर्सं मिठागरात तोच ओढतोय मी.”

“म्हणजे दिवाळीपासून तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय.”

“पाच महिने, बाबा! पाच महिने मी तसलेच आणखी बनवत बसले. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत?”

“येवढी शिकलेली मानसं नाचत होती गो. त्यांच्यात मी काय बोलू?”

“मला एकटीला सांगायचं होतं!”

“मला वाटलं, तुमचंच बरोबर असंल. घाम खारा, डोल्यातलं पानी खारं. मानूस आतून मिठाचाच असंल.”

“बाबा...”

“साऱ्या मिठागरात सांगून आलोय मी. म्हटलं, माझ्या वनितानं शोधून काढलं.”