मुक्काम निडी

धोंडुबाई : आज चौथी खेप तुझी. अजून नाय गावला?

मैथिली : नाही ना मावशी. गोठा, परस, ही पेंढ्याची उडवी, सगळं पालथं घातलं. नोव्हेंबरात या पेंढ्यावर तो एक उड्या मारणारा कोळी, नर, मिळाला, तेवढाच. मादी नाही, पिल्लू नाही.

धोंडुबाई : त्याला बायको पण तूच बघून देणार काय?

मैथिली : मादी दिसली तर म्हणता येईल, हा इथं राहतो. आणि मी तर ते लिहून बसलेय. जात नवी आहे, सोमवारी तिच्यावरचा पेपर छापायला जातोय. ‘मुक्काम निडी, तालुका रोहा.’

धोंडुबाई : बरं झालं. गावाचं नाव निघालं.

मैथिली : पण एक खटकतंय. याची सगळी भावकी, आफ्रिकेपासून आपल्यापर्यंत, जमिनीवर राहणारी. कोरडी, मोकळी जमीन, थोडा पाचोळा. हा एकटा डोक्याएवढ्या उंच उडवीवर काय करत होता?

धोंडुबाई : भावकीत एखादा निघतोच तसला.

मैथिली : मावशी, पेंढा तुमच्याच शेतातला ना?

धोंडुबाई : नाय गो. आमच्या शेतात औंदा खारं पाणी शिरलं. हा गडबचा. माझ्या माहेरचा.

मैथिली : हे आधी का नाही सांगितलंत?

धोंडुबाई : तू कधी इचारलंस? तू इचारलंस कोळ्याला डोळे किती.

मैथिली : म्हणजे तो तिथल्या खळ्यावरून आला. चला, आत्ताच जाऊ. खळं दाखवा मला.

धोंडुबाई : खळं नाय आता. कान्हूनं, माझ्या भावानं, इकलं. भात झोडलं, पेंढा टेंपोत घालून मला पाठवला, नि आठ दिवसांत वर मुरूम पडला. गोदाम होतंय. माझी सही नेताना बोलला, नुसता बांधाचा कागद हाय, आक्का.

मैथिली : माझे गाइड सर म्हणतील, राहू दे निडीच.

धोंडुबाई : ऱ्हाऊ दे की मग.

मैथिली : नको. पुढं कुणी आलं तर तुमच्या गोठ्यात शोधत बसेल, आणि गडबला कुणी जाणारच नाही. भरावाच्या कडेला काहीच उरलं नाही का?

धोंडुबाई : उगवतीचा बांध असल. शिरसाच्या झाडाखालचा. पण मी त्या गावात पाय ठेवायची नाय, बोलून चुकलेय.

मैथिली : नुसती वाट सांगा.

धोंडुबाई : सांगून नाय गावायचा. सगळं सपाट केलंय.

(गाय उडवीतून पेंढा ओढते.)

धोंडुबाई : तुझ्या त्या पेपरात काय काय लिवलंस?

मैथिली : कुठं सापडला, कधी, कुणाला.

धोंडुबाई : नि मूळचा कुठला?

मैथिली : ते विचारायचं राहिलं.

धोंडुबाई : थांब, चपला घालते. कान्हूच्या दारावरनं नको नेऊ. मागच्या अंगानं जाऊ, बांध हाय तवर.